जानेवारीत लायसन्स रद्द होणार असेल तर ट्रक घ्यावा का?

कॅलिफोर्नियातल्या ट्रेसी गावाहून एकांनी प्रश्न विचारला आहे. त्यांच्या वडिलांचे कळंबोलीला ट्रेलर आहेत, त्यामुळे लहानपण गाड्यांतच गेलं. इथे पत्नी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे आणि हे एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर. ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, मिळाल्यावर मोठ्या ट्रेलरसाठीचं क्लास ए चं कमर्शिअल लायसन्स काढलं, आता ओकलंड बंदरातून कंटेनर ओढतात. ईएडी आणि आय-९४ (देशात राहायच्या मुदतीची नोंद) दोन्ही जुलै २०२६ पर्यंत आहेत, लायसन्सवर मात्र २०२९ ची तारीख आहे. नोव्हेंबरमध्ये डीएमव्हीचं (राज्याच्या वाहन खात्याचं) पत्र आलं की ५ जानेवारी २०२६ ला लायसन्स रद्द होईल. त्याच सुमारास बातमी आली की परदेशी ड्रायव्हरांच्या लायसन्सबद्दलच्या नव्या नियमाला कोर्टाने स्थगिती दिली. मग खरं काय धरायचं? वापरलेला फ्रेटलायनर कॅस्केडिया बघून ठेवला आहे, पैसे अजून दिलेले नाहीत, तो घ्यावा का? आणि कळंबोलीतल्या चुलतभावाला एक एजंट ‘अमेरिकेत ट्रक ड्रायव्हरचा व्हिसा’ देतो म्हणतोय, त्याला काय सांगायचं?

मी स्टॉकटनच्या बाजूला एका ट्रकिंग कंपनीत सेफ्टी आणि कंप्लायन्सचं काम बघते. ड्रायव्हर घेताना त्याचं लायसन्स, मेडिकल कार्ड, जुनं रेकॉर्ड तपासणं, त्याची फाइल वर्षानुवर्षं नीट ठेवणं आणि रोड टेस्ट घेणं हे माझं रोजचं काम. मी वकील नाही. तुमच्या इमिग्रेशनच्या कागदांवर शेवटचा शब्द वकिलाचाच, आणि जिथे वकिलाकडे जायलाच हवं ती जागा मी खाली सांगितली आहे. हे उत्तर डिसेंबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात लिहिते आहे. या विषयात आठवड्याला काहीतरी बदलतं, म्हणून तारीख लक्षात ठेवून वाचा.

तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे, कारण दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी अंगावर आल्या आहेत आणि बातम्यांमध्ये त्या एकच असल्यासारख्या येतात. एक म्हणजे केंद्र सरकारचा नवा नियम. दुसरी म्हणजे तुमच्या हातातलं पत्र. कोर्टाने थांबवलं ते पहिल्याला. तुमचं पत्र दुसऱ्या, जुन्या नियमावर उभं आहे. हे एकदा नीट वेगळं केलं की बाकीचे निर्णय सोपे नाही झाले तरी निदान दिसायला लागतात.

आधी नवा नियम. अमेरिकेत कमर्शिअल लायसन्स राज्य देतं, पण कोणाला द्यायचं याची चौकट केंद्राच्या परिवहन खात्याखालची एफएमसीएसए ही संस्था ठरवते. नागरिक आणि ग्रीन कार्डवाले यांना नेहमीचं सीडीएल, म्हणजे कमर्शिअल लायसन्स, मिळतं. बाकी कायदेशीर राहणाऱ्यांना मिळतं ते ‘नॉन-डोमिसाइल्ड’ सीडीएल. चालवायच्या हक्कात दोन्हींत फरक नाही, तोच ट्रक, तेच रस्ते. फरक मुदतीचा. २०११ पासून यासाठी चालू ईएडी पुरेसं धरलं जायचं, किंवा परदेशी पासपोर्ट आणि सोबत आय-९४. कॅनडा आणि मेक्सिकोच्या ड्रायव्हरांना हे लायसन्स साधारणपणे लागतच नाही, कारण त्यांचं स्वतःच्या देशाचं लायसन्स इथे करारानुसार चालतं.

२६ सप्टेंबर २०२५ ला एफएमसीएसएने हे चित्र पालटलं. नव्या नियमात ईएडी हा आधारच काढून टाकला. हे लायसन्स फक्त तीन प्रकारच्या व्हिसावाल्यांना मिळणार: एच-२ए, एच-२बी आणि ई-२. राज्याने प्रत्येक अर्ज इमिग्रेशनची नोंद दाखवणाऱ्या सेव्ह या केंद्राच्या यंत्रणेत तपासायचा, लायसन्सची मुदत आय-९४ इतकी किंवा एक वर्ष, यातली जी कमी ती, आणि नूतनीकरणाला दर वेळी स्वतः हजर राहायचं. आता आपल्या लोकांच्या नजरेने या तीन व्हिसांकडे बघा. ई-२ हा गुंतवणूकदारांचा व्हिसा ज्या देशांशी अमेरिकेचा तसा करार आहे त्यांच्या नागरिकांनाच मिळतो, भारताशी तसा करार नाही. एच-२ए शेतीच्या हंगामी कामाचा, एच-२बी शेतीबाहेरच्या तात्पुरत्या कामाचा. म्हणजे इथे राहून, काम करून ट्रक चालवणाऱ्या भारतीयासाठी दार जवळजवळ बंदच. एच-४ ईएडी, आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेले, आश्रय मिळालेलेसुद्धा, निर्वासित, लहानपणी इथे आलेली डाकावाली मुलं, सगळे बाहेर. एफएमसीएसएचाच अंदाज असा होता की देशात साधारण दोन लाख नॉन-डोमिसाइल्ड सीडीएलधारक आहेत आणि त्यातले सुमारे १ लाख ९४ हजार या धंद्यातून बाहेर पडतील.

हा नियम लोकांच्या हरकती न मागवता, लगेच लागू म्हणून काढला होता. त्याविरुद्ध ड्रायव्हर आणि कामगार संघटना कोर्टात गेल्या. त्यात सरकारी कर्मचाऱ्यांची आणि शिक्षकांची संघटनाही आहे, कारण शाळेची बस आणि शहरातली बस चालवायलाही हेच लायसन्स लागतं. १३ नोव्हेंबरला वॉशिंग्टन डीसीच्या अपील कोर्टाने नियमाला स्थगिती दिली. स्थगिती म्हणजे निकाल नव्हे. अंतिम सुनावणी व्हायची आहे, आणि सरकार हाच नियम हरकती ऐकून, कारणं देऊन पुन्हा पक्का करू शकतं. मी स्वतः असं धरून चालते आहे की काही ना काही रूपात तो परत येईल. तुम्हीही पैशांचा निर्णय घेताना तसंच धरावं.

आता पत्र. केंद्राने २०२५ मध्ये राज्यांच्या लायसन्सच्या नोंदी तपासल्या. कॅलिफोर्नियाच्या नमुन्यात सुमारे चौथा हिस्सा लायसन्स नियमाप्रमाणे दिलेली नव्हती, असं केंद्राने सांगितलं. मुख्य दोष कोणता? ड्रायव्हरचा इथे राहायचा परवाना एका तारखेला संपतो आणि लायसन्सवर तिच्या पुढची, कधी काही वर्षं पुढची, तारीख छापलेली आहे. नव्या नियमाच्या कितीतरी आधीपासून हे चालत नाही. लायसन्सने माणसाच्या कायदेशीर मुदतीपेक्षा जास्त जगायचं नाही, हा जुनाच नियम. नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाने अशा सुमारे १७ हजार जणांना ६० दिवसांची नोटीस पाठवली. तुमचं पत्र त्यातलं. तुमच्या तारखा तुम्हीच लिहिल्या आहेत: जुलै २०२६ आणि २०२९. दोष नेमका तिथे आहे.

यात तुमची चूक नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. तुम्ही काउंटरवर खरे कागद दिले. मुदत मोजून छापणं हे तुमचं काम नव्हतं. अशी पत्रं घेऊन आमच्या ऑफिसात आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर पकडले गेल्याचा भाव असतो, आणि ते बघून मला फार वाईट वाटतं. बातम्यांमध्ये ‘बेकायदा लायसन्स’ असा शब्द येतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं माणूसच बेकायदा. तुम्ही कायदेशीर राहता, कायदेशीर काम करता. घरी, आईवडिलांना फोनवर, हे असंच सांगा.

पण चूक तुमची नसली तरी परिणाम तुमच्यावर आहे. साधी अपेक्षा अशी असते की डीएमव्हीने तारीख दुरुस्त करून जुलै २०२६ पर्यंतचं लायसन्स द्यावं. तर्काने तेच योग्य. अडचण अशी की सप्टेंबरपासून कॅलिफोर्नियात नॉन-डोमिसाइल्ड सीडीएल देणं बंद आहे आणि कोर्टाची स्थगिती आल्यावरही, मी हे लिहिते आहे तोपर्यंत, ते सुरू झालेलं नाही. कारण राज्याने आधीच्या त्रुटी निस्तराव्यात, मगच पुढे, अशी केंद्राची भूमिका आहे आणि महामार्गांचा निधी रोखण्याची टांगती तलवार आहे. म्हणून जुनं रद्द होणार आणि दुरुस्त मिळणार नाही, अशा कात्रीत तुम्ही सापडला आहात.

आता काय करायचं ते सांगते. आज आय-९४ ची प्रत सरकारी साइटवरून नव्याने काढा, ईएडीशी ताडून बघा, लायसन्सची दोन्ही बाजूंची प्रत ठेवा, डीएमव्हीच्या पत्राचं पाकीटही फेकू नका. डीएमव्हीला लेखी कळवा की माझी कायदेशीर मुदत अमुक तारखेपर्यंत आहे, कागद सोबत जोडले आहेत, त्या तारखेपर्यंतचं दुरुस्त लायसन्स द्यावं. उत्तर येईल न येईल, तुमची मागणी नोंदीत राहायला हवी. पुढे कोर्टाने किंवा राज्याने काही सवलत दिली तर ज्यांनी मागितलं होतं त्यांची बाजू भक्कम असते. याच टप्प्यावर वकिलाशी बोला. एकट्याने परवडत नसेल तर सिख कोअलिशनसारख्या संस्था ड्रायव्हरांना यात माहिती देत आहेत. तिथे मदत मागायला शीख असावं लागत नाही.

५ जानेवारीपर्यंत तुमचं लायसन्स वैध आहे, तोवर काम करा. त्यानंतर एक दिवसही मोठा ट्रक हातात घेऊ नका. डिस्पॅचर (लोड वाटून देणारा) म्हणेल, ‘सिस्टीममध्ये अजून चालू दिसतंय, एवढा लोड टाकून ये.’ ऐकू नका. आमच्यासारख्या कंपन्यांना कॅलिफोर्नियात डीएमव्हीच्या पुल नोटीस योजनेतून ड्रायव्हरच्या लायसन्समधला बदल आपोआप कळतो, त्यामुळे बहुतेक ठिकाणी तुम्हाला थांबवतीलच. पण जिथे थांबवत नाहीत तिथे धोका सगळा तुमचा. रद्द लायसन्सवर अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला बघते, आणि एच-४ वरच्या माणसाच्या नावावर फौजदारी नोंद लागली तर ती फक्त ट्रकच्या धंद्यापुरती राहत नाही, पुढे प्रत्येक इमिग्रेशन अर्जात विचारली जाते. पत्नीच्या आणि तुमच्या ग्रीन कार्डाची फाइल एका कंटेनरसाठी पणाला लावायची नाही.

कमर्शिअल लायसन्स गेलं तरी साधं, रोजच्या गाडीचं क्लास सी लायसन्स राहू शकतं. २६,००० पौंडांपर्यंतचा दोन आसांचा बॉक्स ट्रक कॅलिफोर्नियात क्लास सी वर चालतो. घरसामान, फर्निचर, दुकानांना माल पोचवणं, यात काम आहे. पैसे बंदराइतके नाहीत. एक लक्षात ठेवा: राज्याबाहेर किंवा राज्याबाहेरून आलेला माल घेऊन १०,००१ पौंड किंवा त्याहून जास्त वजनाची गाडी चालवत असाल तर सीडीएल नसलं तरी मेडिकल कार्ड, कामाच्या तासांची मर्यादा आणि इंग्रजीची अट लागूच राहते. त्यामुळे मेडिकल कार्ड संपू देऊ नका. ड्रायव्हिंग स्कूलचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही जपून ठेवा. फेब्रुवारी २०२२ पासून ते सरकारी नोंदवहीत जातं, पण १ डिसेंबरला केंद्राने जवळजवळ ३,००० प्रशिक्षण केंद्रांना नोंदवहीतून काढण्याची कारवाई जाहीर केली आणि आणखी ४,५०० ना ताकीद दिली. तुमची शाळा त्यात आहे का बघा आणि आपली प्रत आपल्याकडे ठेवा.

आता ट्रक. थेट सांगते: आता घेऊ नका.

कारण ट्रक वाईट म्हणून नाही. तुम्ही ज्या घरातून आलात तिथे स्वतःची गाडी म्हणजे काय हे मला समजतं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात दुसऱ्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर आणि स्वतःच्या गाडीचा मालक यात केवढा फरक असतो ते तुम्ही लहानपणापासून पाहिलं आहे. पण तिथे तुमच्या वडिलांचं लायसन्स कोणाच्या व्हिसाच्या तारखेवर चालत नव्हतं. इथे तुमचं लायसन्स तुमच्या ईएडीवर टेकलेलं, ईएडी पत्नीच्या एच-१बी वर आणि तिच्या मंजूर आय-१४० वर (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेल्या अर्जावर) टेकलेली, आणि एच-१बी तिच्या कंपनीवर. तिच्या कंपनीने माणसं कमी केली तर साठ दिवसांत दुसरी नोकरी शोधावी लागते, आणि त्या दिवसांत तुमच्या ट्रकचा हप्ता थांबत नाही. म्हणजे बंदरात तुम्ही कितीही चांगलं काम केलं तरी कर्ज फेडता येईल की नाही हे ठरवणाऱ्या गोष्टी बंदराबाहेर आहेत.

शिवाय ईएडीचं नूतनीकरणही आता पूर्वीसारखं नाही. आधी वेळेत अर्ज केला की जुन्या कार्डाला ५४० दिवसांपर्यंत आपोआप मुदतवाढ मिळायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ती मिळत नाही. तुमचं कार्ड जुलैत संपतं आणि नवं ऑगस्टमध्ये आलं तर मधले दिवस तुम्ही कामच करू शकत नाही, ट्रकचं सोडाच. म्हणून नूतनीकरणाचा अर्ज परवानगी असेल त्या पहिल्या दिवसांत टाका. एक दिलासा आहे तो सांगते: एच-४ ईएडी हा प्रकारच बंद करा म्हणणारा जुना दावा सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ऐकायला नकार दिला. ते कार्ड सध्या तरी शाबूत आहे.

कोणी म्हणेल, ग्रीन कार्ड आलं की प्रश्नच मिटला. खरं आहे, ग्रीन कार्ड हातात आलं की तुम्ही या सगळ्यातून बाहेर, नेहमीचं सीडीएल मिळेल. पण ईबी-२ या नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांसाठी सध्या २०१३ च्या आसपासचे अर्ज पुढे सरकताहेत. पत्नीची प्रायॉरिटी डेट (त्या रांगेत नाव लागल्याची तारीख) कोणती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती २०१३-१४ ची असेल तर माझं उत्तर बदलतं, तेव्हा थोडं थांबून ग्रीन कार्डानंतर ट्रक घेणं शहाणपणाचं. २०१८ नंतरची असेल तर त्या भरवशावर पाच वर्षांचं कर्ज काढायचं नाही.

कॅलिफोर्नियाचा आणखी एक पेच आहे, जो बाकी राज्यांतले सल्ले देणारे विसरतात. इथे एबी-५ कायदा आहे. आपला ट्रक एखाद्या कंपनीच्या नावाखाली लावून स्वतंत्र कंत्राटदार म्हणून चालवणं त्याने फार अवघड केलं. २०२२ च्या जुलैमध्ये ओकलंड बंदर ड्रायव्हरांनी याच कारणासाठी अडवून धरलं होतं, तुम्ही तेव्हा इथे नव्हता बहुतेक. त्यामुळे ट्रक घेतला की बऱ्याचदा स्वतःची अथॉरिटी (माल वाहायचा केंद्राचा परवाना) काढावी लागते, आणि नव्या अथॉरिटीला विमा महाग. केंद्राची सक्ती साडेसात लाख डॉलरच्या कव्हरची आहे, पण बंदरातून कंटेनर उचलायच्या करारात दहा लाख मागतात, ब्रोकरही तेवढेच मागतात. त्यात वर्षातून दोनदा धुराची तपासणी. मालभाड्याचे दर २०२२ पासून पडलेले आहेत. लायसन्स पक्कं असलेल्या माणसालासुद्धा मी या वर्षी दहादा विचार करायला सांगते.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य होतं, की एक कंपनी डाउन पेमेंटशिवाय ‘लीज-पर्चेस’वर ट्रक देते. त्यापासून लांब राहा. हप्ता तुमच्या कमाईतून आधी कापला जातो, लोड देणं त्यांच्या हातात, आणि मध्येच थांबलात तर ट्रकही त्यांचा आणि भरलेले पैसेही त्यांचे. तुमच्यासारख्या, लायसन्स मध्येच थांबू शकेल अशा माणसासाठी हा करार सगळ्यात घातक. या करारांचा अभ्यास करायला केंद्राने नेमलेल्या समितीनेच २०२५ च्या सुरुवातीला त्यांच्यावर बंदीची शिफारस केली होती.

मार्ग अजिबात नाही असं नाही. ईएडीवर तुम्ही व्यवसाय करू शकता आणि मालकाला स्वतःला सीडीएल लागत नाही. पक्कं लायसन्स असलेला ड्रायव्हर ठेवून, तुम्ही ऑफिस, लोड आणि हिशेब बघायचा, हे कायद्याने शक्य आहे. पण एका ट्रकवर ड्रायव्हरचा पगार, कामगार विमा आणि ट्रकचा हप्ता काढणं फार ओढाताणीचं असतं. तुम्ही वडिलांकडून गाड्यांचा धंदा शिकला आहात म्हणून मी हे तुमच्यासमोर ठेवते, सल्ला म्हणून नाही. त्यापेक्षा एखाद्या कंपनीत डिस्पॅच किंवा सेफ्टीचं काम घ्या. ज्याने स्वतः कंटेनर ओढले आहेत असा डिस्पॅचर सोन्याचा, आणि त्या खुर्चीला सीडीएल लागत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंत की हे सगळं खरंच सुरक्षिततेसाठी आहे का. माझं आयुष्य या एका गोष्टीत गेलं आहे, म्हणून यावर थोडं जास्त लिहिते.

ऑगस्टमध्ये फ्लोरिडात फोर्ट पिअर्सजवळ एका ट्रेलरने हायवेवर मनाई असलेल्या ठिकाणी यू-टर्न घेतला आणि मागून आलेल्या गाडीतले तिघे गेले. ऑक्टोबरमध्ये आपल्याच राज्यात ऑन्टॅरिओजवळ आय-१० वर थांबलेल्या गाड्यांवर ट्रक गेला, तिथेही तिघे. ती माणसं गेली हे कोणीही विसरू नये. ८०,००० पौंड वजनाची गाडी चुकीच्या हातात गेली की काय होतं ते मी अपघातांच्या फाइलींमधून पाहिलं आहे. त्यामुळे कडक तपासणीला माझा विरोध नाही. सरकारचा एक मुद्दा तर पूर्ण बरोबर आहे: इथल्या माणसाचं जुनं रेकॉर्ड राज्यांना दिसतं, परदेशात दहा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाचं दिसत नाही. कळंबोलीतले तुमचे अपघात किंवा चलान मला इथे बसून कधीच कळणार नाहीत.

पण मग उपाय त्या त्रुटीवर हवा. व्हिसाचा प्रकार माणसाच्या ब्रेक मारण्याबद्दल काही सांगत नाही. एच-२बी वर गेल्या महिन्यात आलेल्या माणसाचंही परदेशातलं रेकॉर्ड दिसत नाहीच, तरी त्याला परवानगी. आणि इथे आठ वर्षं स्वच्छ रेकॉर्डने शाळेची बस चालवणाऱ्या, आश्रय मिळालेल्या बाईला नाही. कोर्टाने नेमकं इथेच बोट ठेवलं. सरकारच्याच माहितीप्रमाणे हे लायसन्स असलेले ड्रायव्हर एकूण सीडीएलधारकांच्या सुमारे ५ टक्के आहेत आणि प्राणघातक अपघातांत त्यांचा वाटा साधारण ०.२ टक्के. मग यांना काढून रस्ते सुरक्षित कसे होतात, याचं उत्तर सरकारने दिलेलं नाही.

खरं भगदाड दुसरीकडे आहे, आणि ते सगळ्यांच्या बाबतीत आहे. नव्या ड्रायव्हरला सक्तीचं प्रशिक्षण आहे, पण प्रत्यक्ष गाडीवर किमान किती तास, हे नियमात ठरवलेलंच नाही. प्रशिक्षकाने ‘जमतंय’ म्हटलं की झालं. काही शाळा यावरच पोट भरतात. सॅन होझेत जन्मलेला मुलगा असो की नांदेडहून आलेला, आठवड्याभरात मागे गाडी लावायला शिकवून परीक्षेला उभा केला तर उतारावर तो गियर आणि ब्रेक कसे सांभाळेल? मी रोड टेस्ट घेते तेव्हा कोणाचाही कागद न बघता आधी प्री-ट्रिप (निघण्याआधीची गाडीची तपासणी) करायला सांगते. ब्रेकच्या हवेची गळती कशी तपासायची हे ज्याला दाखवता येत नाही त्याला ट्रक मिळत नाही, मग तो नागरिक असला तरी. किमान तास ठरवा, शाळांची अचानक तपासणी करा, बोगस असतील त्या बंद करा. डिसेंबरमधली शाळांवरची कारवाई नीट झाली तर तिने जेवढे जीव वाचतील तेवढे ईएडी काढून घेऊन वाचणार नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

इथले छोटे अमेरिकन ट्रकमालक या नियमाच्या बाजूने आहेत, त्यांची ओओआयडीए ही संघटनाही. त्यांच्यातले काही मला चांगले ओळखीचे आहेत. तीन वर्षं पडलेल्या दरांनी ते पिचले आहेत आणि त्यांना वाटतं की रस्त्यावरचे ट्रक कमी झाले की दर वर येतील. त्यांचं दुःख खरं आहे. ट्रक स्टॉपवर कोणी टोमणा मारला तर वाद घालू नका, एवढंच सांगेन.

इंग्रजीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण क्लास सी वर गेलात तरी हे लागेल. ड्रायव्हरला लोकांशी बोलण्यापुरतं, पाट्या वाचण्यापुरतं, अधिकाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देण्यापुरतं आणि नोंदी लिहिण्यापुरतं इंग्रजी यावं हा नियम जुना आहे. २५ जून २०२५ पासून मात्र तपासणीत नापास झालात तर जागच्या जागी गाडी बंद करतात. अधिकारी आधी इंग्रजीत बोलतो, त्यात फोनवरचं भाषांतर चालत नाही, मग रस्त्यावरच्या पाट्या ओळखायला लावतो. तुमचं इंग्रजी चांगलं असेलच. तरी ‘कुठून आलात, काय माल आहे, किती तास चालवलंत’ याची उत्तरं घाई न करता, पूर्ण वाक्यात द्यायची सवय ठेवा. घाबरून एका शब्दात दिलेलं उत्तर भाषा येत नसल्यासारखं वाटतं.

राहिला चुलतभाऊ. त्याला आज रात्रीच फोन करा. ‘अमेरिकन ट्रक ड्रायव्हर व्हिसा’ नावाची गोष्ट अस्तित्वात नाही. २१ ऑगस्ट २०२५ ला परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी कमर्शिअल ट्रक ड्रायव्हरांसाठीचे कामाचे व्हिसा थांबवल्याचं जाहीर केलं. म्हणून एजंट आता जे विकतो आहे ते यातलं एक असणार: टुरिस्ट व्हिसावर पाठवून इथे आश्रयाचा अर्ज करायला लावणं, किंवा मेक्सिकोच्या बाजूने जंगलातून आणणं, किंवा नुसतेच पैसे घेऊन गायब होणं. दुसऱ्या वाटेत माणसं मरतात. पहिल्या वाटेने आलेल्यांना ईएडी मिळाली तरी तिच्यावर सीडीएल काढायची वाट आज बंद आहे, आणि खोटा आश्रयाचा दावा हा आयुष्यभराचा डाग आहे.

त्याला एजंटकडे तीन गोष्टी लेखी मागायला सांगा: व्हिसाचा नेमका प्रकार, इथल्या मालकाचं नाव आणि डीओटी नंबर (ट्रक कंपनीचा केंद्राकडचा नोंदणी क्रमांक), आणि इथल्या श्रम खात्याच्या मंजुरीची प्रत. डीओटी नंबर एफएमसीएसएच्या सेफर साइटवर कोणालाही फुकट तपासता येतो. कंपनी खरी आहे का, तिचे किती ट्रक आहेत, सगळं दिसतं. नंबर मिळाला तर इथे लिहा, मी बघून सांगते. आणि घराची किंवा ट्रेलरची कागदपत्रं गहाण ठेवायची गोष्ट निघाली असेल, तर ती आधी थांबवा.